ओढा आणि वस्ती एकत्र कशी अभ्यासायची: आंबिल ओढ्याच्या पाणलोटावरून

पुण्यात ओढे, नद्या, टेकड्या अभ्यासणाऱ्यांची कमतरता नाही. कुणी मुठेचं पाणी तपासतं, कुणी वेताळ टेकडीवरचे पक्षी नोंदवतं, कुणी काठावरच्या वस्तीत घरोघर फिरून पाहणी करतं. अडचण अशी, की पाणी तपासणारा काठावरच्या घरात शिरत नाही आणि घरांची पाहणी करणारा पाण्याकडे बघत नाही. त्यामुळे एकाच्या अहवालात माणूस फक्त प्रदूषणाचं कारण म्हणून उरतो आणि दुसऱ्याच्या अहवालात ओढा फक्त नागरी समस्या म्हणून. खरं तर दोघं पिढ्यानपिढ्या एकमेकांना घडवत आलेले असतात. ते घडवणंच अभ्यासायचं असेल तर पद्धतही तशी लागते.

उदाहरणादाखल कात्रजकडून येऊन मुठेला मिळणारा आंबिल ओढा घेऊ. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि मुठेकाठचं पुणं उद्ध्वस्त झालं. पूरग्रस्तांसाठी शहरात ठिकठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या, त्यातल्या काही सहकारनगरच्या बाजूला, म्हणजे आंबिल ओढ्याच्या परिसरात. पुढच्या दशकांत शहर त्याच अंगाने धनकवडी, कात्रजपर्यंत पसरलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याला पूर आला. पुणे परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक जीव गेले. म्हणजे नदीच्या पुराने माणसं हलली, शहर ओढ्याकडे सरकलं, सरकलेल्या शहराने ओढ्याचं पाणलोट, म्हणजे ज्या जमिनीवरचं पाणी त्यात येतं ती जमीन, बदललं आणि बदललेल्या पाणलोटातून पूर पुन्हा माणसांच्या दारात आला.

ही साखळी ऐकताक्षणी पटते, आणि म्हणूनच तिच्याबाबत सावध राहायला हवं. शहराच्या त्या वाढीत पूरग्रस्तांच्या सोसायट्यांचा वाटा किती? २०१९ च्या पुरात पावसाचा वाटा किती, अरुंद पुलांचा किती, बुजलेल्या पात्राचा किती? प्रत्येक कडी वेगळी तपासावी लागते. कशी, ते पुढे क्रमाने सांगतो. पदव्युत्तर विद्यार्थी, शिक्षक किंवा आपल्या भागातल्या ओढ्याबद्दल आस्था असलेले चार-पाच रहिवासी, कुणालाही वर्षभरात जमेल असं हे काम आहे.

१. प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारा

'वस्तीमुळे ओढ्याचं काय झालं?' हा अर्धा प्रश्न आहे. 'ओढ्याच्या बदलामुळे वस्तीने काय केलं?' हा उरलेला अर्धा. दोन्ही एका वाक्यात बसेपर्यंत वहीबाहेर पडू नका. उदाहरणार्थ: 'दांडेकर पूल ते मुठेशी होणारा संगम या टप्प्यात गेल्या पन्नास वर्षांत पात्र कसं अरुंद झालं, आणि प्रत्येक पुरानंतर काठावरच्या घरांनी जोती, भिंती, राहणी कशी बदलली?' यात जागा आहे, काळ आहे, मोजता येईल अशी गोष्ट आहे आणि बाण दोन्ही दिशांना जातात. 'पुण्यातील नद्यांचा पर्यावरणीय अभ्यास' असलं शीर्षक मात्र सरळ बाजूला ठेवा. त्यातून काहीच हाती लागत नाही.

२. हद्द पाण्याने ठरवा, प्रभागाने नाही

पाणी प्रभागाची रेषा पाळत नाही. अभ्यासाची हद्द म्हणजे पाणलोट: ज्या जमिनीवर पडलेला पाऊस तुमच्या ओढ्यात येतो ती सगळी जमीन. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्या. पुणेकरांनी इथे एक लक्षात ठेवावं. ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५ या दोन नकाशांमधली शीव १८ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशावर आहे आणि ती पर्वतीच्या जवळून जाते. म्हणजे कात्रजचा तलाव एका कागदावर आणि ओढ्याचा मुठेशी होणारा संगम दुसऱ्या कागदावर. एकच नकाशा घेऊन बसलात तर अर्धा ओढाच गायब होईल.

या नकाशांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या अंतराने असतात. डोंगरउतारासाठी ते पुरेसं आहे, शहरातल्या गल्ल्यांसाठी नाही. शहरात पाणलोटाची हद्द रस्ते आणि पावसाळी गटारं बदलून टाकतात. म्हणून क्यूजीआयएस या नकाशे काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढलेली हद्द जोराच्या पावसात पायी फिरून तपासा. कोणत्या चौकात पाणी कुठे वळतं ते रिक्षावाल्यांना आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारांना पक्कं माहीत असतं.

माणसांची आकडेवारी मात्र प्रशासकीय हद्दीतच मिळते, आणि ती हद्द हलत राहते. महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली. प्रभागांची फेररचना तर नेहमीचीच. त्यामुळे २००१ आणि २०११ च्या जनगणनेचे आकडे शेजारी ठेवण्याआधी दोन्ही वेळचे प्रभाग नकाशावर टाकून बघा. लोकसंख्या वाढलेली दिसते तेव्हा कधी कधी फक्त रेषा हललेली असते.

३. कागदांवरून काळाची पट्टी बनवा

लांबलचक कागदाची गुंडाळी घ्या आणि तिच्यावर आडव्या तीन ओळी आखा: पाणी व जमीन, माणसं व घरं, नियम व कामं. डावीकडून उजवीकडे वर्षं. मिळेल ती नोंद योग्य ओळीत, सालासकट. संगणकावर नंतर चढवता येईल, पण भिंतीवर लावलेली पट्टी गटातल्या सगळ्यांना रोज दिसते आणि तिच्यातल्या मोकळ्या जागा डोळ्यांत खुपतात. तिचा खरा उपयोग तोच.

सुरुवात कुठून करायची? आंबिल ओढ्याच्या बाबतीत 'मूळ नैसर्गिक ओढा' शोधत बसू नका. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी नळाने शहरात आणलं गेलं. त्याच काळात ओढ्याचा शहरातून जाणारा प्रवाह वळवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. आज तिथे सारसबाग आहे. म्हणजे ज्या पात्रावर आजचं अतिक्रमण मोजायचं, ते पात्रच अठराव्या शतकात माणसाने घडवलेलं आहे. 'पूर्वीची अवस्था' म्हणून एखादं साल निवडावं लागतं, ते का निवडलं हे अहवालात लिहावं लागतं.

कागद मिळण्याची ठिकाणं पुण्यात मुबलक आहेत, हे आपलं भाग्य. पेशवे दफ्तर सांभाळणारं पुरालेखागार, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर, गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली झालेली शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी. जमिनीसाठी नगर भूमापन कार्यालयातली मालमत्ता पत्रकं, गावांकडे सातबारा आणि फेरफार. शहराच्या १९६६, १९८७ आणि २०१७ च्या विकास आराखड्यांत तुमचा ओढा कोणत्या रंगाने, किती रुंदीने दाखवलाय ते एकाखाली एक ठेवून बघा. जलसंपदा विभागाच्या पूररेषाही घ्या: निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा कुठे आखल्या आहेत, कधी आखल्या आणि त्यानंतर आत काय बांधलं गेलं, हे तिन्ही पट्टीवर आलं पाहिजे.

४. उपग्रहाची चित्रं: महिना जुळवा, हिरव्यावर भाळू नका

लँडसॅटची ३० मीटर तपशिलाची चित्रं १९८० च्या दशकापासूनची आहेत, सेंटिनेल-२ ची १० मीटरची २०१५ पासूनची. दोन्ही फुकट. ३० मीटरच्या चौकोनात आंबिल ओढ्याचं पात्र मावूनही जागा उरते, त्यामुळे ओढा अरुंद झाला की नाही हे लँडसॅट सांगणार नाही. पाणलोटातली किती जमीन इमारती आणि रस्त्यांखाली गेली हे मात्र ते चांगलं सांगतं. ज्याचं काम त्यालाच द्या.

पुण्यातली मोठी फसगत ऋतूंमुळे होते. इथल्या टेकड्या सप्टेंबरात हिरव्यागार आणि फेब्रुवारीत पिवळ्या. एका सालचं ऑक्टोबरचं आणि दुसऱ्या सालचं मार्चचं चित्र जोडलं तर वाटेल तो निष्कर्ष निघतो. दरवर्षीचा तोच महिना घ्या, आणि आदल्या पावसाळ्यात पाऊस किती झाला तेही सोबत नोंदवा. दुसरं म्हणजे हिरवा रंग वाढला की निसर्ग सुधारला असं नसतं. आपल्या अनेक टेकड्यांवर लावलेला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हा बाहेरून आणलेला वृक्ष उपग्रहाला छान हिरवा दिसतो, पण त्याच्याखाली मूळचं गवताळ माळरान आणि त्यावर जगणारे पक्षी, कीटक हरवलेले असू शकतात. तिथे जाऊन, गुडघ्यावर बसून गवत बघण्याला पर्याय नाही.

५. काठाने चाला आणि मोजा

गावाकडे शिवारफेरी काढतात तशीच ओढ्याची फेरी काढा. उगमाकडून संगमाकडे, दर दोनशे मीटरला थांबत. प्रत्येक थांब्यावर त्याच गोष्टी, त्याच क्रमाने: पात्राची रुंदी, काठ मातीचा की काँक्रीटचा, पाण्याचा रंग आणि वास, काठावरची झाडं, सांडपाणी कुठून येतं, लोक ओढ्याचा काय उपयोग करतात, एक फोटो वरच्या दिशेने आणि एक खालच्या दिशेने. सोबत स्थानिक माणूस हवाच. फेरी वर्षातून निदान दोनदा हवी, मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा.

प्रवाह मोजायला महागडं यंत्र लागत नाही. सरळ वाहणारा १० मीटरचा टप्पा निवडा, पाण्यात संत्रं सोडा, किती सेकंदांत पार करतं ते बघा. तीन-चार वेळा करून सरासरी घ्या. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात वाहतं म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणायचं. समजा संत्र्याला १२.५ सेकंद लागली, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.८ मीटर, सुधारलेला ०.६८. पात्र ६ मीटर रुंद आणि सरासरी ०.४ मीटर खोल असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे १.६ घनमीटर, म्हणजे १६०० लिटर. हे उघडिपीच्या दिवशीच करायचं. चढत्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही, हा नियम गटात पहिल्याच दिवशी पक्का करा.

पूर येऊन गेल्यावर त्याची उंची मोजण्याची एक पद्धत मला फार मोलाची वाटते. घरांच्या भिंतींवर चिखलाची रेघ राहते, काही घरांत ती रंगाखाली झाकली तरी बोट ठेवून दाखवणारं माणूस असतं. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, पाणी भरा, आतले बुडबुडे नीट काढा. एक टोक खुणेशी धरा, दुसरं जवळच्या पुलाच्या कठड्याशी. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीला स्थिरावतं, तिथे कठड्यावर खडूने रेघ मारा आणि कठड्याच्या माथ्यापासून खाली अंतर मोजा. अशा वीस-पंचवीस खुणा झाल्या की पुराचा उतार कागदावर काढता येतो. पुलाच्या वरच्या अंगाच्या खुणा उंच आणि लगेच खालच्या अंगाच्या खुणा बऱ्याच खाली असतील, तर त्या पुलाने पाणी अडवलं होतं. उतार सलग असेल तर पुलाला दोष देणं अवघड. सुरुवातीच्या साखळीतली एक कडी इथे प्रत्यक्ष तपासली जाते, तीही एका नळीच्या जोरावर.

पावसाचे अधिकृत आकडे हवामान विभागाकडे मिळतात, पण सप्टेंबरातला वळीवासारखा पाऊस शिवाजीनगरला एक आणि कात्रजला भलताच असू शकतो. पाणलोटातल्या तीन-चार गच्च्यांवर साधी पर्जन्यमापकं बसवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा, म्हणजे तुमचे आकडे हवामान विभागाच्या आकड्यांशी जुळवता येतील. एक हिशोब पाठ ठेवावा: एका चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. दोन तासांत ५० मिलिमीटर झाला तर ५ कोटी लिटर. त्यातलं मातीत किती मुरलं आणि काँक्रीटवरून किती थेट ओढ्यात आलं, यावर तर सगळा वाद आहे.

६. माणसांशी बोलणं

आधी परवानगीचं. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ ओढ्याच्या कामासाठी घरं पाडली गेली. अशा वस्तीत वही-पेन घेऊन, घरांचे फोटो काढत कुणी आलं तर लोकांच्या पोटात गोळा येणारच. आपण कोण, कशासाठी विचारतोय, माहिती कुणाला देणार आणि कुणाला नाही, हे आधी मराठीत, साध्या शब्दांत सांगा. नाही म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. नावांच्या जागी क्रमांक वापरा, क्रमांक आणि नावं जोडणारा कागद वेगळा, कुलपात. कोणतं घर पूररेषेच्या आत किती सरकलंय हे दाखवणारा घरनिहाय नकाशा कधीही छापू नका. तुमच्या अभ्यासाचा आधार घेऊन कुणाचं छप्पर जाता कामा नये, ही जबाबदारी आकड्यांच्या अचूकतेपेक्षा मोठी आहे.

आता प्रश्न. 'पर्यावरण बदललंय का?' असं विचारलंत तर 'हो, खूप' एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी रोजच्या कामातून जा. साधारण असं:

'मावशी, लग्न होऊन या घरात आलात तेव्हा धुणं कुठे धुवायचात?'
'ओढ्यावरच की. तेव्हा तळ दिसायचा.'
'मग ओढ्यावर जायचं बंद कधी केलंत?'
'धाकटा बालवाडीत जायचा तेव्हा.'
'तेव्हा घरात नळ आला होता का?'

धाकट्याचं जन्मसाल विचारलं की बंद होण्याचं साल दोन-तीन वर्षांच्या फरकाने हाती येतं. शेवटचा प्रश्न मात्र सर्वांत महत्त्वाचा. नळ आधी आला आणि धुणं नंतर बंद झालं, तर माणसांनी ओढ्याकडे पाठ फिरवली, लक्ष ठेवणारे डोळे गेले आणि मग घाण वाढली, असा क्रम संभवतो. पाणी आधी घाण झालं आणि म्हणून धुणं बंद झालं, तर बाण उलट्या दिशेचा. दोन्हीत आज दिसणारं चित्र एकच आहे: घाण ओढा आणि घराघरात नळ. फरक क्रमाचा आहे. माणूस आणि परिसर एकत्र कसे बदलले याचं उत्तर जवळजवळ नेहमी क्रमात दडलेलं असतं, आणि तो क्रम ना उपग्रह सांगतो ना जनगणना. तो मावशींना ठाऊक असतो. म्हणून या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

सालं आठवायला आधार लागतो. पानशेत, १९७२ चा दुष्काळ, आणीबाणी, इंदिरा गांधींची हत्या, २०१९ चा पूर, करोनाची टाळेबंदी: 'त्याच्या आधी की नंतर?' असं विचारलं की उत्तर पक्कं होतं. एकाच गोष्टीचं साल तीन वेगवेगळ्या घरांतून आणि जमलं तर एका कागदावरून पडताळा. पुरुषांच्या घोळक्यात बायका बोलत नाहीत, त्यांच्याशी दुपारी वेगळं बोला. पाणी भरणाऱ्या, धुणाऱ्या त्या होत्या.

७. घरांची पाहणी

मुलाखतींतून क्रम कळतो, प्रमाण कळत नाही. त्यासाठी पाहणी. पुण्याला याची चांगली परंपरा आहे: डेक्कन कॉलेजात असताना इरावती कर्वे यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली होती, तर माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी देवरायांचा अभ्यास करताना झाडं आणि लोकांच्या श्रद्धा एकत्रच पाहिल्या.

ओढ्याचे तीन टप्पे करा, वरचा, मधला, खालचा. प्रत्येकात काठालगतची घरं आणि काठापासून लांबची घरं असे दोन गट. सहा गटांत प्रत्येकी वीस घरं म्हणजे १२० घरं, चार-पाच जणांच्या गटाला झेपतील इतकी. प्रत्येक गल्लीत चिठ्ठीने पहिलं घर ठरवा आणि मग दर पाचवं घर. ओळखीच्यांची घरं निवडू नका. फक्त दुपारी गेलात तर कामावर जाणारे आणि भाडेकरू सुटतात, तेव्हा रविवार आणि संध्याकाळ धरा.

एक मोठी उणीव जवळजवळ प्रत्येक पाहणीत राहते. पुरानंतर सोडून गेलेली घरं काठावर सापडतच नाहीत, आणि बदलाचा सगळ्यात जास्त फटका त्यांनाच बसलेला असतो. शेजाऱ्यांना विचारून त्यांतली निदान दहा-बारा कुटुंबं शोधा, मग ती पुनर्वसनाच्या इमारतीत असोत की हडपसरला भाड्याने.

८. जोडणी

आता भिंतीवरच्या पट्टीसमोर उभं राहा आणि कशामुळे काय झालं ते दाखवणारे बाण नोंदींमध्ये काढा. प्रत्येक बाणाजवळ लिहा: हे कागदाने सांगितलं, मोजमापाने की माणसांनी? दोन वेगळ्या मार्गांनी सिद्ध झालेला बाण ठळक, एकाच मार्गाचा तुटक. पुरावे भांडतात तिथे घाईने एकाची बाजू घेऊ नका. लोक म्हणतात पूर्वी कधी पाणी घरात आलं नाही आणि नकाशा म्हणतो घर जुन्या पात्रात आहे, तर दोन्ही खरं असू शकतं: वरच्या अंगाला बांधकाम होण्याआधी तेवढं पाणी येतच नसेल. असे विरोध नवे प्रश्न देतात, ते टिपून ठेवा.

शेवटी तुलना. पुण्यातल्याच भैरोबा नाल्याचा किंवा राम नदीचा एक टप्पा याच पद्धतीने, थोडक्यात बघा. वाढ सारखी पण पूर नाही असं दिसलं, तर 'बांधकामामुळे पूर' हे एवढंच म्हणून चालणार नाही, मधलं काहीतरी शोधावं लागेल. नियम कोण करतं, तेही दोन्हीकडे विचारा: महापालिका, जलसंपदा, महसूल की सोसायट्यांचा आपसातला समझोता.

९. परत जा

निष्कर्ष आधी वस्तीत वाचून दाखवा, नंतर इतरत्र. गणपतीच्या मंडपात किंवा समाजमंदिरात पट्टी लावा, चुकीची सालं लोक स्वतः खोडून दुरुस्त करतील. कठड्यावरच्या पुरखुणा रंगाने पक्क्या करा, त्यांच्या उंचीची नोंद शाळेत किंवा वाचनालयात ठेवा. थांब्यांची यादी, प्रश्नावली आणि मोजण्याची पद्धत त्याच फाइलमध्ये असू द्या, म्हणजे पाच वर्षांनी दुसरा गट तीच घरं, तेच थांबे, तेच प्रश्न घेऊन फिरू शकेल. फाइलच्या पहिल्या पानावर पुढच्या फेरीचा महिना आणि ती कुणी काढायची ते लिहून ठेवा.